ठेव मोडणाऱ्याचे कारण

॥ श्री ॥

बडोदे,
ता. १६ नोव्हेंबर २०२५

चि. बाळ यास आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा लांबलचक मजकूर मी आधी मोबाइलवर वाचला आणि मग बाबांना नीट वाचता यावा म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणला. छापल्यावर तो चार पाने भरला. बढतीची आठवण म्हणून ओमेगाचे स्पीडमास्टर घड्याळ घ्यावे आणि त्यासाठी लागणारे साडेसात लाख म्युच्युअल फंडातली युनिट्स विकून उभे करावेत, असा तुझा विचार आहे, आणि त्यावर तुला माझे मत हवे आहे. मत देते, पण त्याआधी बँकेत बत्तीस वर्षे काउंटरच्या आतल्या बाजूला बसून जे पाहिले, ते थोडे सांगते.

मुदतीआधी ठेव मोडायची असेल तर कोणाला कारण सांगावे लागत नाही. पावतीवर सही करायची आणि व्याज कमी मिळेल हे मान्य करायचे, एवढेच काम असते. तरीही माणसे कारण सांगत. ज्याच्या घरात दुखणे आलेले असे तो फारसे बोलत नसे; "आज मिळतील ना?" एवढे विचारून तो बाकावर बसून राही. ज्याला मात्र एखाद्या दुकानात काहीतरी आवडलेले असे, तो मी काहीही न विचारता दहा मिनिटे मला समजावून सांगे की हा खर्च नव्हेच, ही वस्तू घरात राहणार आहे, हिची किंमत वाढणार आहे आणि पैसे काय, पुन्हा जमतील. तुझी चार पाने वाचताना मी पुन्हा मांडवीच्या शाखेत जाऊन बसले.

यावरून शौकासाठी पैसे काढणे मला वाईट वाटते, असा अर्थ घेऊ नकोस. एक निवृत्त गृहस्थ वीस हजारांची ठेव मोडायला आले होते. मुदतीला तीनच महिने उरले होते, म्हणून मी त्यांना थांबायला सुचवले. ते म्हणाले, "पेटी घ्यायची आहे, वाजवायची आहे." मी मुकाट्याने फॉर्म पुढे केला. त्यांनी आपल्या शौकाला दुसरे कोणतेही नाव दिले नव्हते, आणि म्हणून त्यांच्याशी वाद घालण्यासारखे काही उरलेच नव्हते.

तुझ्या पानांत "गुंतवणूक" हा शब्द अकरा वेळा आला आहे. बाबांनी पेन्सिलने खुणा केल्या आहेत. या एका शब्दाबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण बाकीचे सगळे तुझे मत आहे, पण हा शब्द चुकीचा आहे. जुन्या बाजारात ज्या घड्याळांना दुकानातल्या किमतीहून अधिक पैसे मिळतात ती थोडी आहेत: रोलेक्सची काही पोलादी घड्याळे, पाटेक फिलिपचे नॉटिलस, आणि अशी आणखी काही, जी मागणीच्या मानाने फार कमी निघतात आणि ज्यांच्यासाठी गिऱ्हाइकाला दुकानदाराची मर्जी सांभाळत बसावे लागते. त्यांचेही भाव २०२२ च्या सुरुवातीला चढायचे तेवढे चढले आणि नंतर चांगलेच उतरले. शिखरावर ज्यांनी ती "गुंतवणूक" म्हणून घेतली, त्यांच्या मनगटावर आज तोटा बांधलेला आहे. स्पीडमास्टरचे तर तसेही नाही. ते कंपनी नियमित बनवते आणि ते दुकानात मिळते. जी वस्तू नवी कोरी सहज मिळते ती वापरलेली कोण जास्त पैशांनी घेईल? पावती करून तू दुकानाची पायरी उतरलास की त्याची किंमत कमी होणार. शिवाय ठेवीवर व्याज येते, युनिट्सच्या मागे कारखाने चालत असतात. घड्याळ तुला काही देत नाही, उलट दर पाच-सात वर्षांनी अधिकृत केंद्रात तेलपाणी करायला पाच आकडी रक्कम मागते. हे सगळे ठाऊक असूनही घड्याळ घ्यावेसे वाटणे यात गैर काही नाही. पण मग त्याला शौक म्हणावे.

चंद्राची गोष्ट तू छान लिहिली आहेस आणि ती मला आवडली. १९६५ साली नासाने ते घड्याळ अवकाशवीरांसाठी पसंत केले, १९६९ साली ते ऑल्ड्रिनच्या हातावर चंद्रावर उतरले आणि पुढच्या वर्षी अपोलो १३ च्या संकटात चौदा सेकंद इंजिन चालवण्याची वेळ त्याच्यावर मोजली गेली, हे सारे खरे आहे. मात्र हिंजवडीला जाताना चौदा सेकंद मोजण्याचा प्रसंग तुझ्यावर कितीदा येतो, असे बाबांनी विचारले आहे. ते आणखी एक सांगतात: ज्या वर्षी हे घड्याळ चंद्रावर गेले, त्याच वर्षी डिसेंबरात सेइकोने क्वार्ट्झचे, म्हणजे बॅटरीवर चालणारे, मनगटी घड्याळ विक्रीला आणले, आणि तेव्हापासून अचूक वेळ हे महाग घड्याळ घेण्याचे कारण उरलेले नाही. तुझ्या ओमेगाला रोज पाच सेकंदांपर्यंत पुढे जाण्याची मुभा आहे. साधे क्वार्ट्झ घड्याळ महिन्याभरात पंधरा-वीस सेकंद चुकते. तेव्हा वेळेसाठी तू ते घेत नाहीस. आतली चाके, कमान आणि त्यांचा आवाज यांच्यासाठी घेतोस, आणि ते मला समजते, कारण चौथीत असताना आपल्या गजराच्या घड्याळाचे तुकडे ताटात मांडून रडत बसलेला मुलगा मी पाहिलेला आहे. चार महिन्यांत ही हौस मावळेल, असे म्हणून मी तुला थोपवणार नाही. ती मावळणार नाही. स्वस्तातले दुसरे घे, असेही सुचवणार नाही. पैठणी मागणाऱ्या बाईपुढे दुसरी लुगडी टाकत बसणाऱ्या दुकानदाराचा मला नेहमीच राग आलेला आहे.

आठवणीबद्दलही माझे भांडण नाही. आठवणीसाठी घड्याळ ही कल्पना बडोद्याला नवी नाही. रावपुऱ्याचा टॉवर १८९६ साली पहिल्या चिमणाबाई महाराणींच्या स्मरणार्थच उभा राहिला आहे. पण "पुढे हे माझ्या मुलाला देता येईल" हे वाक्य मी दोनदा वाचले. बाबांचे एचएमटी जनता, जे त्यांनी १९८४ साली पहिल्या पगारातून घेतले, ते अजून कपाटातल्या डब्यात आहे आणि किल्ली दिली की चालते. बंगळूरच्या त्या कारखान्याने १९६१ पासून जपानच्या सिटिझनच्या मदतीने घड्याळे केली आणि आता तो कारभार बंदही झाला, पण घड्याळ आहे. नोकरी लागल्यापासूनच्या या आठ वर्षांत तू ते एकदाही मागितले नाहीस. मी टोमणा मारत नाही. मुले वडिलांची घड्याळे मागतातच असे नाही, एवढेच सांगते, आणि म्हणून ते कारण हिशेबात धरू नये.

आता हिशेब. तू पाठवलेले फंडाचे स्टेटमेंट मी वहीत उतरवले. नोव्हेंबर २०१७ पासून दरमहा पाच हजारांचे ९६ हप्ते, म्हणजे भरलेले चार लाख ऐंशी हजार, आणि आजची किंमत पावणेनऊ लाखांच्या आसपास. साडेसात लाखांची युनिट्स विकलीस तर आधी घेतलेली आधी विकली असे धरले जाते, म्हणजे सर्वांत जुनी आणि सर्वांत स्वस्त पडलेली युनिट्स जातील. त्यांवरचा नफा माझ्या हिशेबाने सुमारे तीन लाख ऐंशी हजार येतो. एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतच्या दीर्घकालीन नफ्याला कर नाही. वरच्यावर साडेबारा टक्के, अधिक उपकर, म्हणजे सुमारे तेहतीस हजार. विकायचेच ठरवलेस तर निदान अर्धी युनिट्स मार्चमध्ये आणि अर्धी एप्रिलमध्ये वीक. दोन वर्षांची सूट मिळून सोळा हजार वाचतील. आई नको म्हणते आहे आणि वाटही दाखवते आहे, असे तुला वाटेल, पण चुकीच्या कामातसुद्धा जास्तीचा कर भरलेला मला पाहवत नाही.

त्या जुन्या युनिट्समध्ये एप्रिल २०२० चा हप्ताही आहे. २३ मार्चला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंकांनी पडला होता आणि त्या रात्री तू पुण्याच्या खोलीतून फोन करून हप्ता बंद करू का म्हणून विचारले होतेस, हे तुला आठवत असेल. तू तो बंद केला नाहीस. माझ्या मते तुझ्या आजवरच्या आर्थिक व्यवहारात त्याहून शहाणपणाची गोष्ट दुसरी नाही, आणि आता पहिल्यांदा जाणार आहेत ती त्या आणि त्याआधीच्या दिवसांचीच युनिट्स.

हे पैसे तसेच ठेवलेस तर पंधरा वर्षांत त्यांचे एकतीस लाख होतील, अशी भीती मी तुला घालणार नाही, जरी असे आकडे दाखवणारे एजंट मी पुष्कळ पाहिले आहेत. दहा टक्क्यांनी तेवढे होतात खरे, पण दहा टक्के मिळतीलच असे कोणी लिहून देत नाही, आणि महागाई सहा टक्के धरली तर त्या एकतीस लाखांची आजची किंमत तेरा लाखांच्या आसपासच राहते. तेव्हा दूरचे सोडून देऊ, जवळचे पाहू. हा हप्ता सुरू करताना त्याच्यापुढे तू स्वतः "घर" असे लिहिले होतेस. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तीस लाखांच्या वरच्या आणि पंचाहत्तर लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक देऊ शकत नाही. तुम्ही दोघे पाहत असलेले घर सत्तर लाखांचे असेल तर चौदा लाख तुमचे हवेत. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्याच्या वर. त्या चौदांपैकी पावणेनऊ तयार आहेत. घड्याळ घेतल्यावर सव्वा लाख उरतील.

म्हणून माझे मत असे आहे. घराचे पैसे घराकडे राहू देत आणि घड्याळासाठी दुसरे खाते उघड. बढतीने हातात येणारा पगार दरमहा चोवीस हजारांनी वाढला, असे तूच लिहिले आहेस. त्यातले वीस हजार आवर्त ठेवीत टाकलेस तर तीन वर्षांच्या आत घड्याळाची किंमत जमते. वर्षाचा बोनस त्यात घातलास तर बरेच आधी. तुझ्या सध्याच्या राहणीला कात्री लावण्याची गरज पडत नाही, कारण त्या चोवीस हजारांची सवय तुला अजून झालेली नाही. बढतीची आठवण हवी आहे ना? मग ती बढतीच्या पैशांतून यावी हे मला जास्त शोभणारे वाटते. दरम्यान काही हातचे जाईल अशी घाईही नाही. स्वित्झर्लंड ज्यात आहे त्या चार देशांशी आपला व्यापार करार या १ ऑक्टोबरपासून लागू झाला आहे आणि स्विस घड्याळांवरचे आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरायचे आहे. दुकानातली किंमत तेवढ्याच प्रमाणात खाली येईल, असे मी म्हणत नाही. कंपन्या आपला भाव आपल्या मर्जीने ठरवतात. पण आजच घेतले पाहिजे असे म्हणायला त्यामुळे आणखी एक कारण कमी झाले.

ही ठेव मध्येच मोडाविशी वाटली तर खुशाल मोड. तिच्यावर दुसरे कोणतेही नाव लिहिलेले नसेल.

एक गोष्ट मात्र मला खटकली, आणि ती बाबांनी नव्हे, मी हेरली. चार पानांत सूनबाईचे नाव कोठेही नाही. तुझ्या हप्त्यांपैकी निम्म्याहून अधिक तुमच्या लग्नानंतरचे आहेत आणि त्या काळात घरभाडे तिच्या पगारातून जात होते, हे तूच मला एकदा सांगितले होतेस. मग ही युनिट्स कागदावर एकट्या तुझ्या नावाची असली तरी ती तुझी एकट्याची आहेत असे मला धरता येत नाही. माझे मत विचारलेस याचा आनंद आहे, पण या प्रश्नात माझी सही लागत नाही, तिची लागते. तिला तुझी चार पाने दाखवू नकोस. "मला हे घड्याळ आवडले आहे, साडेसात लाखांचे आहे, घ्यावे का?" एवढेच विचार आणि ती काय म्हणते ते ऐक. ती हो म्हणाली आणि घर वर्ष-दोन वर्षे पुढे ढकलायला तिची ना नसेल, तर माझ्या या सगळ्या लिहिण्याकडे दुर्लक्ष केलेस तरी चालेल. फक्त मार्च आणि एप्रिलचे तेवढे लक्षात ठेव.

पाच तारखेचा हप्ता नेहमीप्रमाणे गेला का, ते कळव. बाबांनी आज एचएमटीला किल्ली दिली आहे आणि ते सकाळपासून टीव्हीवरच्या बातम्यांशी वेळ ताडून पाहत आहेत. आतापर्यंत दीड मिनिट मागे आहे.

तुझी,
आई