टॉवेल कोणी टाकायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला मुष्टियोद्ध्यांवरचा पानभर लेख वाचला. छपाई उत्तम, फोटो त्याहून उत्तम. घामाचे थेंब मोजून घ्यावेत इतका स्वच्छ. लेखकमहाशयांनी एखाद्या लढतीला रिंगच्या कोपऱ्यात बादली धरून उभं राहायला हवं होतं, म्हणजे त्या घामात आणखी काय काय असतं ते कळलं असतं. मी बरीच वर्षं उभा राहिलोय, म्हणून हे पत्र.

दक्षिण कोरियाचा मुष्टियोद्धा किम डुक-कू याच्यावर अर्धा कॉलम आहे. लढतीआधी हॉटेलच्या खोलीत दिव्याच्या शेडवर त्याने जगण्यामरण्याचं काहीतरी लिहून ठेवलं होतं, ते अगदी रंगवून सांगितलंय. १३ नोव्हेंबर १९८२, लास व्हेगास, समोर अमेरिकेचा रे मॅन्सिनी, १४ वी फेरी, सगळं बरोबर. आणि मग काय, तर 'रिंगमध्येच देह ठेवला'. देह ठेवायला तो समाधीला बसला होता का हो? इस्पितळात नेलं, मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, काही दिवसांनी गेला. पुढे काही महिन्यांत त्याच्या आईने जीव दिला. त्या लढतीचे पंच रिचर्ड ग्रीन यांनीही १९८३ च्या जुलैत आत्महत्या केली. किमचं जिच्याशी लग्न ठरलं होतं तिच्या पोटात मूल होतं. एका लढतीत एवढं सगळं गेलं आणि लेखात जागा कोणाला, तर दिव्याच्या शेडला! या लढतीनंतर वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने अजिंक्यपदाच्या लढती १५ च्या १२ फेऱ्यांवर आणल्या, त्याचाही उल्लेख नाही.

तरी हे सगळं मी चहाबरोबर गिळलं असतं. राग आला तो चौकटीत मोठ्या ठशात छापलेल्या वाक्याचा. खरा योद्धा म्हणे कोपऱ्याला टॉवेल टाकू देत नाही. म्हणजे कोपऱ्यातल्या आम्हा लोकांना रिंगमध्ये टॉवेल फेकून, हार मानून लढत थांबवू देत नाही.

टॉवेल माझ्या खांद्यावर होता, साहेब. माझ्या मित्राचा धाकटा भाऊ, मला दादा म्हणायचा. आठ फेऱ्यांची लढत. पाचवी संपवून स्टुलावर येऊन बसला. मी माउथगार्ड काढून धुतला, ट्रेनरने बर्फातली लोखंडी पट्टी त्याच्या डोळ्याखाली दाबली. त्याने विचारलं, "दादा, आता कितवी?" म्हटलं, सहावी. चूळ भरली आणि परत, "दादा, आता कितवी?" बादली मी त्याच्या तोंडाखालीच धरली होती, तरी पाणी माझ्या बुटावर पडलं. बादली त्याला दिसलीच नव्हती. ट्रेनरने माझ्याकडे पाहिलं, मी ट्रेनरकडे. डॉक्टरांनी दोरीपलीकडून विचारलं, "ठीक आहेस ना?" तो म्हणाला, "हो." सगळे हो म्हणतात! ज्याचं डोकं बधिर झालंय त्यालाच विचारायचं की बाबा, डोकं जागेवर आहे का, आणि त्याची साक्ष ग्राह्य धरायची. मिनिट संपलं. उरलेल्या तिन्ही फेऱ्या तो खेळला, गुणांवर हरला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. बादली खाली ठेवून मीही वाजवल्या.

टॉवेल का नाही टाकला? टाकला की आयोजक म्हणतात, याचा कोपरा कच्चा आहे, आणि पुढची लढत दुसऱ्या कोणाला जाते. मानधनातून मॅनेजरचा वाटा, मग ट्रेनरचे १० टक्के, मग आम्हा बादलीवाल्यांचं किरकोळ, शिवाय वैद्यकीय तपासण्यांचा खर्चही त्याच्याच माथी. उरलेल्या पैशांतून त्याने दोन महिन्यांनी डोक्याचा स्कॅन केला, कारण दुखायचं थांबेना. आयोजकांना फोन केला तर म्हणाले, लढतीच्या दिवशी लेखी तक्रार दिली होती का? आज त्याला शर्टाचं वरचं बटण लावता येत नाही, बायको लावून देते. फोनवर जीभ इतकी जड येते की अनोळखी माणसाला वाटतं, स्वारी सकाळीच घेऊन बसलीय.

२०१९ मध्ये रशियन मुष्टियोद्धा मॅक्सिम डादाशेवचा ट्रेनर होता बडी मॅकगर्ट, स्वतः माजी विश्वविजेता. ११ व्या फेरीनंतर तो विनवतोय की आता पुरे, आणि पोरगा नकारार्थी मान हलवतोय. शेवटी मॅकगर्टने त्याचं न ऐकता लढत थांबवली. तरीही उशीर झालाच होता. २८ वर्षांचा डादाशेव चार दिवसांनी गेला. आता तुमच्या चौकटीच्या हिशेबाने खरा योद्धा डादाशेव. मग मॅकगर्ट कोण? तेवढं कळवावं.

आणि लेखात सगळे राजेच कसे? राजाला प्रजा लागते. इंग्लंडच्या पीटर बकलीने ३०० व्यावसायिक लढती खेळल्या, त्यातल्या २५६ हरला. अशांना हरवून नव्या पोरांच्या खात्यावर विजय चढतात, मग ते पोस्टरवर येतात. बकली कमी मार खाऊन हरण्यात तयार होता, ती विद्या सोपी नाही. आमच्या पोराला ती आलीच नाही, कारण त्याला प्रत्येक वेळी जिंकायचं असायचं. त्याच्यावर कोणी लेख लिहीत नाही.

बंदी घाला असं मी म्हणत नाही. नॉर्वेने १९८१ मध्ये घातली होती, २०१४ मध्ये उठवली. मी स्वतः अजून रात्री जागून लढती बघतो, उगाच सोवळेपणाचा आव कशाला आणू?

जाता जाता आणखी एक. फोटोखाली 'पंचांचा वर्षाव' असं छापलंय. मराठीत पंच म्हणजे निवाडा करणारा. क्षणभर वाटलं, आभाळातून रेफरी पडतायत. ठोशाला ठोसा म्हणायला काय हरकत आहे? गेल्या वर्षी याच विषयावर पत्र पाठवलं होतं, ते आपण चार ओळींवर आणलंत आणि त्याही चुकीच्या चार. या वेळीही जागा कमी पडली तर पंचांचा परिच्छेद खुशाल कापा. बुटावर पडलेलं पाणी मात्र राहू द्या.

आपला,
एक माजी बादलीवाला