सूचना : रविवारी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून खेळायच्या भूमिकांच्या खेळात कथादेवीचे भक्त खेळणाऱ्यांसाठी

रविवारी दुपारी 4 वाजता, सात रस्त्याजवळच्या नेहमीच्या खोलीवर. देवी हसवणारी असली तरी क्लेरिकला (देवाच्या पुजाऱ्याला) 'हिडिअस लाफ्टर' हा शत्रूला हसवून लोळवणारा मंत्र मिळत नाही. 2014च्या नियमांत तो मंत्र बार्ड (गाणारा जादूगार) आणि विझार्डचा (पोथीवरून शिकलेला जादूगार), म्हणून निदान एकानं बार्ड व्हा.

घोळ होतो तो पुढे. शत्रू हसून गडाबडा लोळतोय म्हटल्यावर सगळे त्याच्यावरच तुटून पडतात. प्रत्येक फटक्याला त्याला पुन्हा विस्डम सेव्ह (फासा टाकून मंत्रातून सुटायची संधी) मिळतो, तोही दोन फासे टाकून मोठा आकडा धरून. त्याला लोळू द्या, बाकीच्यांना आवरा. शत्रूची बुद्धी 4 किंवा कमी असेल तर त्याला विनोद कळतच नाही, तुमचा स्लॉट (मंत्र टाकायच्या मोजक्या संधींपैकी एक) मात्र जातो.

मंत्राचं साहित्य : छोटे टार्ट आणि पीस. शेंगाचटणी टार्टमध्ये धरली जाणार नाही. तेलकट हात फाशांना लावू नयेत.