दुसरी खुर्ची क्रियापदाची

आदरणीय ताई,
सा. न. वि. वि.

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या तुमच्या ओसरीवर जर्मन शिकून गेलेल्या आम्हा सगळ्यांकडून हे पत्र. भाषा शिकवलीत म्हणून आभार आहेतच, पण ती मराठीतून शिकवलीत म्हणून जास्त.

इंग्रजीच्या वाटेने जर्मनकडे जाणारा हमखास ‘इश बिन काल्ट’ म्हणतो. सांगायचं असतं थंडी वाजतेय, सांगून बसतो की मी कोरड्या मनाचा माणूस आहे. तुम्ही फळ्यावर ‘मला थंडी वाजतेय’ लिहायचात आणि ‘मला’च्या खाली ‘मीअर’. मीअर इस्ट काल्ट. आवडण्याचंही तेच. ‘मला घर आवडतं, मला घरं आवडतात’, क्रियापद घरांमागे जातं, माझ्यामागे येत नाही. जर्मनमधलं ‘गेफालन’ नेमकं असंच चालतं. एवढं उमगलं की विभक्तीच्या कोष्टकाची निम्मी धास्ती जाते.

पण मोठं देणं घड्याळाचं. ‘हाल्ब द्राय’, शब्दशः ‘अर्धे तीन’, म्हटलं की मराठी कानाला साडेतीन ऐकू येतं आणि माणूस तासभर उशिरा पोचतो. वेळ सांगितलेली असते अडीचची, कारण हिशोब असा, की तिसरा तास अर्धा भरला. तुम्ही पुठ्ठ्याच्या घड्याळावर 2 ते 3 मधली जागा अर्धी रंगवून विचारायचात, आपला ‘अडीच’ कुठून आला? संस्कृतातल्या ‘अर्धतृतीय’वरून, म्हणजे तिसरं अर्धं. आणि ‘साडे’ आला ‘सार्ध’वरून, अर्ध्यासकट. म्हणजे अडीचला आपण जर्मनांसारखे मोजतो, साडेतीनला वेगळे, आणि रोज दोन्ही बोलूनही पत्ता नसतो!

जर्मन कुठे तोकडी पडते तेही दाखवलंत. ‘वीअर’मध्ये आम्ही आणि आपण दोन्ही कोंबलेले. ऐकणाऱ्याला सोबत धरलंय की वगळलंय, ते संदर्भावरून ओळखायचं. गुजरातीत ‘अमे’ आणि ‘आपणे’ वेगळे असल्याने वडोदऱ्याच्या माणसाला ही उणीव पटकन जाणवते. ‘वीअर’ची दहा वाक्यं मराठीत आणायची आणि प्रत्येकापुढे ‘आम्ही’ का, ‘आपण’ का, ते लिहायचं, हा तुमचा गृहपाठ सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात उपयोगी.

वाक्यातल्या शब्दांच्या जागा दाखवणाऱ्या ओसरीवरच्या चार खुर्च्या तर विसरता येत नाहीत. पहिलीवर ‘उद्या’ बसो की ‘मी’, दुसरी क्रियापदाची. ‘मॉर्गन फारं इश नाख सुरत’, म्हणजे शब्दाशब्दाने ‘उद्या जातो मी सुरतला’. क्रियापद शेवटी ढकलायची आपली सवय इथे नडते. ‘वाइल’ म्हणजे ‘कारण’ आलं, की मात्र क्रियापद शेवटच्या खुर्चीवर जातं आणि तीच सवय कामी येते.

लिंगांसाठी तीन शाया, नामाआधी येणाऱ्या आर्टिकलप्रमाणे: पुल्लिंगी डेअर निळा, स्त्रीलिंगी डी लाल, नपुंसकलिंगी दास हिरवा. शब्द लिहायचा तो आर्टिकल आणि अनेकवचनासकट, नाहीतर महिन्याने सगळंच नव्याने पाठ करावं लागतं. जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी, म्हणून कुणी जर्मनांच्या स्वभावावर बोलू लागलं की तुम्ही ‘ती खुर्ची, तो पलंग, ते टेबल’ म्हणून गप्प करायचात. बरं करायचात.

नव्या तुकडीसाठी ते पुठ्ठ्याचं घड्याळ पुन्हा हवं आहे. मिनिटकाटा सैल झालाय, तो आम्ही बसवून घेऊ.

आपले,
ओसरीवरचे सगळे