समुद्रातला उलटा मनोरा

प्रिय मित्रा,

पत्र मिळालं. ‘समुद्रात ना गवत ना झाडं, मग एवढे मासे खातात तरी काय?’ हे तू सहज लिहिलं असशील, पण मी त्यात पुरता गुंतलो!

समुद्राचं कुरण डोळ्यांना दिसत नाही, इतकंच. वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे एकपेशीय जीव, जगातल्या प्रकाशसंश्लेषणाचा जवळपास निम्मा भार उचलतात. वजन करशील तर ते सगळ्या वनस्पतींच्या एक टक्काही भरत नाहीत. इंग्लिश खाडीतल्या एका जुन्या मोजणीत तर दर चौरस मीटरला वनस्पती-प्लवक 4 ग्रॅम आणि त्यांना खाणारे प्राणी-प्लवक 21 ग्रॅम निघाले. खाणारे खाद्याच्या पाचपट! एरवी तळाशी खाद्य जास्त आणि वर खाणारे कमी, असा मनोरा असतो; इथे मनोराच उलटा. पण संध्याकाळी गल्ल्यात उरलेल्या शिलकीवरून दिवसाची उलाढाल कळते का? या पेशी दिवसा-दोन दिवसांत दुप्पट होतात आणि तितक्याच झपाट्याने फस्त होतात. शिल्लक थोडी, उलाढाल प्रचंड. ऊर्जेचा मनोरा मात्र कधीच उलटत नाही.

हा ऊर्जेचा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला रेमंड लिंडमन या तरुण अमेरिकी शास्त्रज्ञाने, मिनेसोटातल्या एका दलदली तळ्यावर. परीक्षकांनी लेख आधी नाकारला. नुसतं तात्त्विक आहे म्हणे. त्याचा मार्गदर्शक हचिन्सन याने बाजू लावून धरली, 1942 मध्ये तो छापला गेला, पण तोवर लिंडमन गेला होता. मला हे फार लागलं.

कोण कोणाला खातं या साखळीत एका पायरीवरून दुसरीवर साधारण दहा टक्केच ऊर्जा पोचते. बाकीची श्वसनात, पोहण्यात, विष्ठेत जाते. म्हणजे पायऱ्या किती, यावर सगळा खेळ. खुल्या समुद्रात पेशी अतिसूक्ष्म, त्यांना खाणारेही सूक्ष्मच, त्यामुळे ट्यूनासारख्या मोठ्या माशापर्यंत चार-पाच टप्पे सहज होतात आणि दहा हजारांतला, नाहीतर लाखातला एखादाच भाग उरतो. पेरूच्या किनाऱ्याशी खालचं थंड, पोषक पाणी वर येतं, डायटम नावाचे मोठ्या पेशींचे वनस्पती-प्लवक वाढतात आणि साखळी आखूड होते. म्हणूनच तिथे अँचोव्ही या लहान माशांचे अफाट थवे. निळा देवमासा तर सरळ क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे चिमुकले जीवच गिळतो. एवढं धूड पोसायचं तर मधले दलाल परवडणार कसे?

सूर्याशिवाय चालणारी साखळीही आहे. 1977 मध्ये गॅलापागोसजवळ खोल तळाशी उष्ण झरे सापडले. तिथले जीवाणू उजेडाऐवजी झऱ्यातल्या हायड्रोजन सल्फाइड या रसायनातून ऊर्जा मिळवतात. पण त्यातल्या बहुतेकांना लागणारा ऑक्सिजन वरून, उजेडातल्या पाण्यातूनच आलेला असतो. सूर्यापासून पुरती सुटका तिथेही नाही.

तुझाच,
मित्र