वैशाखात बघ, मग बयाणा दे

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं सविस्तर पत्र मिळालं. नोकऱ्या सोडून तुम्ही दोघं शेतावर राहायला जाणार, दोन-अडीच एकर घेणार, पिकवून खाणार, आणि त्यासाठी महाराष्ट्रात सगळ्यात चांगला भाग कोणता ते मी सांगावं, असं तू लिहिलंयस. आईला काळजी लागली आहे. मला मात्र मनापासून आनंद झाला. कृषी खात्यात माझी हयात गेली. दापोली, अर्जुनी मोरगाव, आजरा अशा बदल्या झाल्या आणि मूळचे आपण साताऱ्याच्या माण तालुक्यातले. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मी पोटतिडकीने देणार आहे.

प्रसादरावांना दापोलीकडची समुद्र दिसणारी जागा आवडली आहे, तर तिथूनच सुरुवात करतो. कोकणावर माझी माया आहे. भात, नाचणी, कुळीथ, वाल, नारळ, कोकम, फणस, ताजी मासळी, एवढं ताट दुसरीकडे सहसा मिळत नाही. पण पाण्याचा हिशेब मांडून बघ. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, आणि एकर म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर. माणमध्ये ५०० मिलिमीटर पडला तरी एकरावर २० लाख लिटर पाणी येतं. दापोलीत ३,५०० मिलिमीटर पडतो, म्हणजे १ कोटी ४० लाख लिटर. तरी मे महिन्यात तिथल्या कितीतरी वाड्यांना टँकर लागतो. तिथला जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही. बरंचसं पाणी उतारावरून थेट खाडीला जातं, जे मुरतं तेही झिरपून निघून जातं, आणि होळी झाली की विहिरी तळ दाखवायला लागतात.

समुद्र दिसणारी जागा म्हणजे सड्यावरची, उघड्या खडकाळ पठारावरची जागा. तिथली जुनी घरं बघ, ती खाली पऱ्याच्या म्हणजे ओढ्याच्या काठाने, नारळी-पोफळीच्या आगराला लागून बांधलेली असतात. दोन गुंठ्यांत भाजी करायची म्हटली तर एप्रिल-मेमध्ये रोज हजार-बाराशे लिटर पाणी लागेल, गाईचं वेगळं. सड्यावर ते कुठून आणणार? शिवाय ३ जून २०२० चं निसर्ग वादळ विसरू नकोस. श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत लोकांच्या डोळ्यांदेखत पिढ्यांच्या बागा आडव्या झाल्या, आणि आज लावलेली सुपारी-नारळ धरायला सहा-सात वर्षं जातात. वानरं आणि डुकरं आहेतच. बारमाही पऱ्याला लागून जागा मिळाली तर कोकणाला मी नाही म्हणणार नाही. ही जागा तशी नाही.

मग आपलं माण? वाटपात तुझं नाव सातबाऱ्यावर लावून घेतलंय, जमीन तुझीच आहे. तिथे तू आलीस तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार? पण तुझ्या हिताचं सांगायचं तर आपल्याकडे ज्वारी-बाजरी, मटकी, हुलगा आणि मेंढरं यांच्यावर घर चालतं, आणि पाऊस हुकला की दोन वर्षं मागे ढकललं जातं. उरमोडी आणि जिहे-कठापूर योजनांचं पाणी आता तालुक्यात काही ठिकाणी आलंय, पण आपला शिवार अजून कोरडाच आहे. कालव्याच्या भरवशावर संसार मांडायला मी सांगणार नाही.

काळ्या मातीच्या, उसाच्या पट्ट्याचं थोडक्यात सांगतो. कृष्णा-पंचगंगेच्या काठची जमीन तुमच्या ऐपतीबाहेरची आहे. शिरोळकडे अति पाण्याने हजारो एकर क्षारपड झालेत, आणि २०१९ आणि २०२१ चे महापूर तू बातम्यांत पाहिलेसच. मराठवाड्याचं लातूर २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आणलेलं पाणी प्यायलं. तिथली माणसं चिवट आहेत, पण बाहेरून जाऊन नवा संसार मांडण्यासारखा तो भाग नाही.

झाडीपट्टीबद्दल मात्र जरा सांगू दे, कारण पोटापुरतं पिकवून गावाने एकत्र जगणं म्हणजे काय ते मी तिथे पाहिलं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी तलाव बांधले. लोक त्यांना मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव म्हणतात. नवेगावबांधचा मोठा तलाव त्यातलाच. वरचा तलाव भरला की सांडव्याचं पाणी खालच्या तलावात, तिथून बोडीत म्हणजे लहान तळ्यात, बोडीतून भाताच्या बांधीत. भात कापायच्या आधीच, चिखलात ओल असते तेव्हा, उभ्या पिकात लाखोळी आणि जवस फेकतात. त्याला उतेरा म्हणतात. ना नांगरट, ना पाणी. भात घरी गेला की त्याच बांधीत डाळ आणि तेल उभं असतं. तलावात मासे, रानात मोह आणि तेंदू. गडचिरोलीतल्या मेंढा लेखासारख्या गावाने तर २००९ मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. एवढं असूनही मी तुला तिकडे जा म्हणत नाही. उन्हाळ्यात ब्रह्मपुरीकडे पारा ४६ च्या पुढे जातो, वाघांमुळे पहाटे रानात जायची सोय राहिलेली नाही, आणि आम्ही इथून गाठायला दोन दिवस. लेकरू लहान असताना एवढं लांब नको.

आता माझी पसंती. कोल्हापूर जिल्ह्यातला आजरा-गडहिंग्लजचा पट्टा.

कारण सांगतो. आंबोलीला ७,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस. तिथून पूर्वेला आजऱ्यापर्यंत येईस्तोवर तो २,००० च्या आसपास उतरतो, आणि गडहिंग्लजला हजाराच्या आत-बाहेर. पन्नास-साठ किलोमीटरांत एवढा फरक. पश्चिमेला तांबडी माती, पूर्वेला काळी. या दोन्हींच्या मधे जे गाव असेल तिथे भातही येतो आणि जोंधळाही, नाचणी, भुईमूग, तूर, मिरची, ऊस, काजू सगळं येतं. एक पीक बुडालं तरी दुसरं उभं राहतं, आणि घर त्यावरच तरतं. हिरण्यकेशीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, चित्रीचं धरण आहे. घाटमाथ्याखालच्या या पट्ट्याला आमच्या खात्यात संक्रमण विभाग म्हणतात. भोर, पाटण, जुन्नर, अकोले हेही तालुके याच जातीचे. अकोल्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाण्यांची बँक उभी केली, ती प्रसादरावांना एकदा दाखव. पण आजऱ्याची माणसं मला ठाऊक आहेत म्हणून मी आजरा म्हणतो.

तुमच्या घराचा हिशेब कागदावर मांडला. तुम्ही तिघं आणि पुढेमागे आम्ही दोघं, अशी पाच माणसं. माणशी महिन्याला दहा किलो धान्य धरलं तर वर्षाला सहा क्विंटल. निम्मं तांदूळ धर, त्याला अर्धा एकर भात. घनसाळ लाव. उतारा कमी देतो, पण आजरा घनसाळला भौगोलिक मानांकन आहे, चार पोती जास्त झालीच तर दर चांगला मिळतो. उरलेल्या निम्म्यासाठी अर्धा एकर जोंधळा आणि नाचणी. दहा गुंठ्यांत भुईमूग केला तर शेंगा दीड क्विंटलपर्यंत येतील. त्या फोडून घाण्यावर नेल्या की चाळीस किलोच्या आसपास तेल, आणि पेंड गाईला. आणखी दहा गुंठे तूर, दोन गुंठे भाजी, अर्धा एकर वैरण. दोन एकरांत घर भागतं. बांधाला काजू लाव, कारण मीठ, लोखंड, औषधं, वीजबिल आणि शाळेची फी शेतात पिकत नाही, त्याला रोकड लागते. चंदगड-आजऱ्यात काजूचे कारखाने आहेत, बी विकायला लांब जावं लागत नाही.

एक नीट ऐक. हे सगळं दोघांच्या हातांनी होणार नाही. लावणीला आठवड्याभरात शेत उरकावं लागतं. तिथे अजून पैरा चालतो. आज तुझ्या शेतात दहा जणी, उद्या तू त्यांच्या शेतात. म्हणून जागा बघताना गाव बघ. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात पाऊस माणइतकाच, पण सरपंच पोपटराव पवारांच्या काळात गावाने ठरवलं की शेतीला बोअर घ्यायचं नाही, ऊस-केळी करायची नाही, आणि दरवर्षी पडलेल्या पावसाचा ताळेबंद मांडून मगच पिकं ठरवायची. आज तिथे विहिरींना पाणी आहे. अशा निर्णयाला उभं राहणारं गाव मिळालं तर दोनशे मिलिमीटर पाऊस कमी चालेल. उलट ज्या शिवारात प्रत्येक बांधाला बोअर आहे तिथे हिरवळ कितीही दिसली तरी जागा घेऊ नकोस. बसाल्टच्या खडकात पाणी फटींतच असतं. शेजाऱ्याने पाचशे फूट खाली जाऊन तुझी फट रिकामी केली तर दाद मागायला कुठे जाणार?

विहीर बघायची ती वैशाखात. पावसाळ्यानंतर दलाल दाखवतो तेव्हा सगळ्याच विहिरी तुडुंब असतात. आत वाकून दगडांवरची खूण बघ. ओलीचा काळा पट्टा कुठवर, त्याखाली पांढरे थर किती, यावरून पाणी कसं उतरतं ते कळतं. मग पाण्याला आलेल्या बायकांना विचार, घागर भरायला मेमध्ये किती वेळ थांबावं लागतं. त्या खरं सांगतात. टिकावाने दीड फूट खोल खण. खाली लगेच मुरूम लागला तर भाव निम्मा कर, किंवा निघून ये.

आणि डोंगराच्या कुशीत घर नको. माळीण २०१४, तळिये २०२१, इर्शाळवाडी २०२३. तिन्ही गावं रात्रीत किंवा भरपावसात गाडली गेली. उतार कापून केलेलं सपाट पठार, जेसीबीच्या ताज्या खुणा, झाडं वाकडी झालेला कडा, हे दिसलं की बोलणंच बंद कर. घर सपाटीला, ओढ्यापासून वर, आणि डोंगराच्या पायथ्यापासून लांब.

त्रास नाही असं सांगून तुला फसवणार नाही. आजऱ्यात गवे कळपाने येतात, चंदगडकडून कधी हत्तीही येतो. नुकसान झालं की वन खात्याकडून पंचनामा करून घ्यावा लागतो, आणि भरपाई येईपर्यंत पेरणी निघून जाते. राखण करावी लागेल. पावसाळ्यात सलग दोन-तीन महिने सूर्य जेमतेम दिसतो, कपडे वाळत नाहीत. दवाखाना गडहिंग्लजला, उपजिल्हा रुग्णालय आहे. गावापासून ते अर्ध्या तासावर हवं, कारण साप चावला तर विषावरचं इंजेक्शन वेळेत मिळायला हवं.

कागदाचं माझ्यावर सोपव, पण तुलाही माहीत असू दे. शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं, ते तू आहेस. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग १ हवा. वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. इतर हक्कात कूळ, बोजा, बहिणींची नावं बघायची आणि जुने फेरफार काढायचे. आदिवासींची जमीन कितीही स्वस्त सांगितली तरी नको. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तो व्यवहार होत नाही, आणि त्यांच्या हातातली जमीन आपण काढून घेणं मला पटणारही नाही. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात गावाचं नाव आहे का बघू. असलं तर मी ते चांगलंच धरतो. शेती करता येते, आणि डोक्यावर खाण येणार नाही.

नोकरी दोघांनी एकदम सोडू नका. एका हंगामासाठी आजऱ्यात घर भाड्याने घ्या, लावणीपासून सुगीपर्यंत राहा. माझ्या ओळखीचे एक शेतकरी आहेत, ते अर्धा एकर वाट्याने करायला देतील, बोललोय त्यांच्याशी. लेकराची शाळा आजऱ्यातच बघ.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात रजा काढा. मी साताऱ्याहून बसने गडहिंग्लजला येतो, तुम्ही पुण्याहून गाडी आणा. तीन गावं मी निवडून ठेवली आहेत, तिन्ही ठिकाणी सकाळी लवकर जायचं, बायका पाण्यावर असतात तेव्हा. टिकाव आणि मीटर-टेप गाडीत टाका. दापोलीच्या माणसाला तोवर एक रुपयाही देऊ नका, प्रसादरावांना माझा निरोप सांग. आईने मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी करून ठेवली आहे, ती घेऊन येतो.

तुझे,
बाबा