स्कूलबसच्या चालकाचा परवाना कोण बघतं?

महोदय,

मी एसटीत 31 वर्षं स्टिअरिंग धरलं. आता दुपारी नातीला आणायला स्कूलबसच्या थांब्यावर जातो. गेल्या सोमवारी बसमध्ये पोरांना चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या ताई नव्हत्या. पोरं उतरली आणि चालक मोबाइल कानाला लावून, आरशात न बघताच गाडी मागे घ्यायला लागला. मागच्या चाकापासून दीड हातावर पहिलीतला एक मुलगा वाकून पाण्याची बाटली उचलत होता. मी पत्र्यावर दोन्ही हातांनी थापा मारल्या, तेव्हा गाडी थांबली. अजून माझे हात थरथरतात.

परवाना कधीचा, असं चालकाला विचारलं. 'दीड वर्ष झालं, आजोबा,' म्हणाला. पोरगा वाईट नाही, पण त्याला कुणी शिकवलेलंच नाही. सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या स्कूलबससाठी 1997 मध्येच जड वाहन चालवण्याचा अनेक वर्षांचा अनुभव सक्तीचा केला होता. आपल्या राज्यातही 2011 पासून स्कूलबसची स्वतंत्र नियमावली आहे. मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली शाळेची परिवहन समिती असावी, असं त्यात आहे. आमच्याकडे ती शेवटची कधी बसली, हे एकाही पालकाला सांगता आलं नाही.

समितीने दर सत्राला चालकाचा परवाना, बिल्ला आणि डोळ्यांची तपासणी बघावी. ताई नसतील त्या दिवशी बस सोडूच नये. चालकांना गाडी मागे घेण्याआधी खाली उतरून फेरी मारायला शिकवायचं असेल तर मला बोलवा. पैसे नकोत.

– एक निवृत्त एसटी चालक, सातारा