एक जूनची नोंद

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

पाकीट बघून दचकशील, फोन का नाही केला म्हणून. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि या खेपेला तू बोलायलाच नको आहेस. का ते पुढे येईल. तब्येत ठीक. साखर गोळीवर आहे, गुडघे देवाच्या हवाली. हिची पाठ अधूनमधून. झालं.

मागच्या आठवड्यात आपल्या शाळेत दोन वकीलबाई येऊन गेल्या, एक पुण्याची, एक दिल्लीची. १९९९ चं जनरल रजिस्टर बघायचं होतं. आत्ताचे हेडसर पोरगेलेसे, त्यांना जुन्या कपाटाची किल्ली कुठं असते तेही ठाऊक नाही. म्हणून मला बोलावणं आलं. कडा वाळवीनं खाल्ल्यात, पान मात्र शाबूत. उघडलं आणि आधी दिसलं ते तुझं अक्षर. तीच निळी-काळी शाई, तीच तुझ्या ज ची शेपटी खालच्या ओळीत घुसलेली. कुणाची नोंद बघायला आल्या होत्या ते तुला सांगायला नको. म्हातारीजवळ राहायचं ते, ऊसतोडीच्या कोयत्यावाल्यांचं.

जन्मतारीख अंकी, जन्मतारीख अक्षरी. एक जून एकोणीसशे त्र्याण्णव. त्याच्या वरच्याची एक जून, खालच्याचीही एक जून. पुण्याच्या बाईंनी पानभर बोट फिरवलं आणि हसू दाबत म्हणाल्या, ‘सर, या गावात बाकीचे अकरा महिने बायका बाळंत होत नाहीत का?’ मी म्हटलं, मॅडम, मी स्वतः एक जूनचा. आमचे बापूही एक जूनचे. आम्ही दोघं एकाच एकतीस मेला रिटायर झालो ते काय जुळे म्हणून? जिल्ह्यातले निम्मे मास्तर त्याच दिवशी हारतुरे घेऊन घरी गेले.

त्यांनी ते सगळं लिहून घेतलं. मग हसणं थांबलं.

गोष्ट अशी आहे. गुन्हा २०११ च्या दिवाळीतला. तुझ्या नोंदीप्रमाणं पोरगं तेव्हा अठरा पुरं करून चार-पाच महिने वर. खालच्या कोर्टात त्याला जो वकील मिळाला त्यानं वयाचा मुद्दा काढलाच नाही. फाशी झाली, वर कायम झाली, अजून वर कायम झाली. आता या बाई म्हणतात, वयाचा मुद्दा कधीही काढता येतो, कुठल्याही कोर्टात, निकाल अंतिम झाल्यावरसुद्धा. आणि शाळेच्या रजिस्टरातली नोंद कशाच्या आधारानं केली हे सांगणारा कुणी नसेल, तर नुसत्या नोंदीला फार वजन नाही. मग त्यांनी विचारलं, ही नोंद कशाच्या आधारानं केली? कशाच्या म्हणजे काय सांगू, बापू? पोराला सहा पुरे दाखवायचे असायचे. हेडसर म्हणायचे टाका एक जून, आपण टाकायचो.

पण हे पोरगं जूनमधलं नव्हे हे सगळ्या गावाला माहीत आहे. फडावर झालेलं ते, कोपीत. म्हणजे तोडणीच्या सीझनमधलं. त्र्याण्णवच्या जूनच्या आधीचा सीझन धरला तर ते रजिस्टरापेक्षाही मोठं ठरतं आणि विषय संपतो. नंतरचा धरला तर त्या दिवाळीत त्याला सतराच पुरं होतं, अठरा नव्हतं. हे तुला न सांगता लिहायचं असं ठरवलं होतं, पण गणित तुझ्याकडे होतं. तू चहा गार व्हायच्या आत हिशोब केला असतास.

सतरा ठरलं तर काय होतं, ते पुण्याच्या राठी हत्याकांडाचं काय झालं त्यावरून बघ. ९४ सालचं. पौड रोडवर एका घरात सात माणसं मारली, बाया आणि लेकरं. तेव्हा आपण दोघंही पेपर मिळवायला स्टँडवर जायचो. त्यातल्या एकाला ९८ साली फाशी झाली, २००० साली सुप्रीम कोर्टानं कायम केली. त्याचं वय कागदावर वीस-बावीस. मग त्याच्या राजस्थानातल्या शाळेचा दाखला पुढे आला, पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांनी चौकशी केली, आणि मार्च २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, गुन्ह्याच्या वेळी हा साडेबारा वर्षांचा होता. साडेबारा! म्हणजे आपल्या सहावी-सातवीच्या बाकावरचा. अठ्ठावीस वर्षांहून जास्त आत काढून तो सुटला. सुटला म्हणजे सुटलाच. फाशीची जन्मठेप झाली नाही, फाशीवरून थेट एस.टी.त. कारण तेव्हाच्या कायद्यानं अल्पवयीन ठरला की जास्तीत जास्त तीन वर्षं, आणि ती कधीच भोगून झालेली असतात.

माझी झोप तिथंच उडाली आहे. जन्मठेप होणार असती तर मी त्या बाईंच्या कागदावर उभ्या उभ्या सही केली असती. पण हा सुटून येणार कुठं? म्हातारी गेली, आईबापही गेले. घर म्हणून जे काही आहे ते इथंच आहे, आबांच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर.

आबांचं तुला काय सांगू. आता दुकान पुतण्या बघतो. आबा रोज संध्याकाळी पारावर येतात, मी बरोबर असतो. दोन माणसं एका रात्रीत गेली त्यांची. त्यावर आम्ही बोलत नाही. पाऊस, सोयाबीनचा भाव, कुणाचं लग्न ठरलं, बस. पण वकीलबाई आल्याचं गावात लपतंय होय? दुसऱ्या दिवशी आबा म्हणाले, ‘मास्तर, त्याचं वय मोजायला लोक दिल्लीहून येतात. माझ्या माणसांची वयं कुणी विचारली नाहीत.’ याला तुझ्याकडे काय उत्तर आहे? फाशीला विरोध करणाऱ्या तुझ्या न्यायमूर्ती भगवतींकडे काय आहे? माझ्याकडे नव्हतं. मी तंबाखू मळत बसलो.

तू आता हसत असशील. सगळा जन्म मी फाशीच्या बाजूनं भांडलो आणि नेमका माझ्याच दारात हा कागद आला. नोव्हेंबर ८३ मध्ये येरवड्यात जोशी-अभ्यंकर खून खटल्यातल्या चौघांना फाशी झाली, त्या रात्री तू जेवला नाहीस आणि तुझ्या वाटची भाकरी मी खाल्ली, ते तू मला अजून ऐकवतोस. पुन्हा सांगतो, भाकरी चांगली होती, वाया घालवणं बरोबर नव्हतं. युनोनं ८४ साली मृत्युदंडाच्या कैद्यांसाठी संरक्षणं ठरवली, ती तू फळ्यावर सुविचाराच्या जागी लिहिलीस. अठराच्या आतल्याला फाशी नाही, गरोदर बाईला नाही, वेड लागलेल्याला नाही, आणि पुरावा असा पाहिजे की दुसरा अर्थच निघू नये. हेडसरांनी पोराकडून फळा पुसून घेतला आणि ‘सदा सत्य बोलावे’ लिहायला लावलं. तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. आता दोन्ही सुविचार एकदमच मानगुटीवर बसलेत.

भोकरदनच्या खून खटल्यावरून आपण किती दिवस बोललो नव्हतो, आठवतं? सहा जण, भटक्या जमातीतले. हायकोर्टानं तिघांची जन्मठेप केली होती, २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना फाशी सांगितली. मी म्हटलं, बघ, कोर्टाला कळतं. तू म्हणालास, कोर्टाला कागद कळतात. मग मार्च २०१९ मध्ये त्याच कोर्टानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. घटनेनंतर साक्षीदारानं पोलिसांच्या फोटोंतून भलतीच चार माणसं ओळखली होती, त्यांचा तपासच झाला नव्हता. सहांतला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता हे आधीच निघालं होतं. प्रत्येकी पाच लाख भरपाई. ते कात्रण तू व्हॉट्सॲपवर पाठवलंस आणि खाली एक अक्षर लिहिलं नाहीस. तुझ्या व्याख्यानापेक्षा ते जास्त झोंबलं.

पण बापू, हा खटला तसला नाही. यानं केलंय. यात मला शंका नाही आणि तुलाही नसावी. निर्दोष माणसाला वाचवायचं म्हटलं तर मी आबांसमोर ताठ मानेनं उभा राहीन. इथं प्रश्न एवढाच की केलं तेव्हा तो किती वर्षांचा होता. दिवाळीऐवजी पुढच्या संक्रांतीनंतर हेच झालं असतं, तर नंतरचा सीझन धरूनही कदाचित काही उपयोग नव्हता. एवढ्या थोड्या महिन्यांवर माणूस टांगायचा की सोडायचा? दिल्लीच्या बाईंना मी हेच विचारलं. त्या म्हणाल्या, रेघ कुठं तरी ओढावीच लागते सर, आणि ओढली की ती पाळावी लागते. निर्भयानंतर २०१५ मध्ये कायदा कडक केला, सोळा ते अठराच्या मुलांवर मोठ्यांसारखा खटला चालवायची सोय झाली, पण त्यांना फाशी तेव्हाही ठेवली नाही. पोरगी माझ्या नातीच्या वयाची, पण बोलते तोलून.

त्यांचं दुसरंही काम होतं. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय म्हणे, फाशी द्यायच्या आधी त्या माणसाचं सगळं आयुष्य बघा, घर, शाळा, तुरुंगातली वागणूक, डोक्याची अवस्था. बचनसिंगच्या खटल्यात ८० सालीच फाशी फक्त ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ गुन्ह्यात म्हटलं होतं ना, मग बेचाळीस वर्षं काय बघत होते कुणास ठाऊक. मला म्हणाल्या, वय ठरो न ठरो, शाळेतलं जे आठवतं ते सांगा. चांगलंच सांगा असं नाही, जे असेल ते.

मी तांदळाचं सांगितलं. ऐंशी टक्के हजेरी असली की महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचे बघ. ताप आला तरी हा यायचा, मागच्या भिंतीला टेकून बसायचा, हजेरीत ‘हजर’ म्हणायचा आणि तिथंच झोपायचा. वाटपाच्या दिवशी म्हातारी पिशवी घेऊन यायची आणि हा काट्यावरून नजर काढायचा नाही. एकदा शिपाई मापात मारतोय असं वाटलं तर यानं भर वाटपात सांगितलं, परत मोजा. दुसरीतलं पोर. चौथीनंतर टोळीबरोबर गेला. पुढं उचल, मुकादम, दारू, तुला माहीत आहे. हे ऐकून कोर्ट काय करणार कळत नाही. बाईंनी मात्र काट्याचं दोनदा विचारलं.

तुझं काय चाललंय? वहिनींचा मोतीबिंदू झाला का दोन्ही डोळ्यांचा? नातू बोलायला लागला असेल, मराठीत बोलतो की तिकडच्या शाळेतलं? चिंचवडच्या फ्लॅटला पाणी येतं का आता? सगळं एकदा सविस्तर कळव, म्हणजे मी नेहमीसारखं वाचून विसरेन.

आता कामाचं.

तेव्हा पोरांची वयं लोक खुणेनं सांगायचे. कुणाचं भूकंपाच्या साली, कुणाचं गावात लाईट आली तेव्हाचं, कुणाचं मोठ्या दुष्काळातलं. याचा बाप नाव घालायला आला तेव्हा टेबलाशी आपण दोघंच होतो. तू लिहीत होतास, मी पट मोजत होतो. त्यानंही एक खूण सांगितली. तू ‘बरं’ म्हणालास आणि एक जून टाकलीस. ती खूण मला आठवते. कोणती ते इथं लिहीत नाही. बाईंनी बजावलंय, आणि न बजावता मलाही तेच वाटलं असतं.

कारण मला तुझी भीती वाटते. रागावू नकोस. तू जन्मभराचा फाशीविरोधी, पोर वाचेल अशी खूण तुला आपोआप आठवेल. मी फाशीवाला आणि आबांचा पारावरचा जोडीदार, म्हणून मला आठवतंय तेही मी उलटसुलट करून तपासतोय, की हे खरंच ऐकलेलं आहे की आपल्या सोयीचं आहे. आपल्या दोघांत एकही माणूस धड तटस्थ नाही, आणि टेबलाशी तिसरं कुणी नव्हतं.

वकीलबाईंना तुझा पत्ता मीच दिला आहे. पंधरवड्यात येतील. त्या यायच्या आत एक कागद घे, बापानं काय म्हटलं ते आठवेल तसं लिही, आठवत नसेल तर आठवत नाही असं लिही, तारीख टाकून सही कर. नोंदीच्या पानाचा फोटो पाठवत नाही, अक्षर बघून भलतंच काही आठवायला लागशील. मी माझा कागद लिहून पाकिटात बंद केला आहे, पोस्टाचा शिक्का आधीच्या तारखेचा हवा म्हणून हे पत्र टाकायला जाताना तो बाईंना स्पीड पोस्टानं पाठवतोय. तुझा कागद त्यांच्याच हातात दे. मला वाचून दाखवू नकोस, फोन करू नकोस, वहिनींकडून निरोपही नको.

आबांना मी उद्या स्वतः सांगणार आहे की सही केली. काय लिहिलंय ते नाही सांगणार.

तुझा,
अण्णा

ता. क. शाईचं मात्र विचारायचं राहिलं. पंचवीसेक वर्षांत जराही फिकी पडलेली नाही. कोणती वापरायचास?